अकराशे बारा पुस्तकं आणि एक कॉम्प्रेसर

सुभद्राबाई बॅग भरून सांगवीला मुलीकडे गेल्या, त्या दुपारी मालोजीरावांनी एअर कॉम्प्रेसर या विषयाचं वाचन सुरू केलं. बायको घर सोडून गेली की माणसं काय काय करतात. मालोजीरावांनी टिपणं काढली.

सुभद्राबाई भांडून गेल्या नव्हत्या, खोकत गेल्या होत्या. खोकल्याचं कारण धूळ, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. धूळ कुठून येते ते सांगायला मात्र डॉक्टरांची गरज नव्हती. निगडीजवळच्या 'श्रमसाफल्य' सोसायटीतल्या त्यांच्या बैठ्या घराला एक गॅरेज होतं. गाडीसाठी बांधलेलं. गाडी काही आली नाही, पुस्तकं आली. मालोजीराव चौतीस वर्षं एका कंपनीच्या लायब्ररीत होते, आणि कंपनीने लायब्ररी बंद करून पुस्तकं भंगारात काढली तेव्हा त्यांनी ती सगळी टेम्पोत घालून घरी आणली होती. नऊ लोखंडी रॅक, अकराशे बारा पुस्तकं. गॅरेजचं शटर खालून दोन बोटं उघडं राही, आणि समोरच्या रस्त्याने चाकणकडे जाणारा प्रत्येक ट्रेलर त्या फटीतून आपला वाटा आत टाकून पुढे जाई.

निघताना सुभद्राबाईंनी आवाज चढवला नाही. पायात चपला घालत त्या म्हणाल्या, "नवमीला चार वाजता मी येते. येताना रद्दीवाल्याचा टेम्पो घेऊनच येते. धूळ गेली असेल तर टेम्पो परत जाईल. नसेल तर पुस्तकं जातील."

"आणि पुस्तकं गेली नाहीत तर?"

"तर मी जाईन."

मालोजीरावांनी हे सगळं एका कार्डावर लिहून ठेवलं. नवमीला पंधरा दिवस होते.

इथे कोणी म्हणेल, की धूळच ना, फडक्याने पुसावी. हे मालोजीरावांना सुचलं नव्हतं असं नाही. उन्हाळ्यात त्यांनी तो प्रयोग केला होता. पण फडक्याने पुसायचं तर पुस्तक हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलेलं पुस्तक मालोजीरावांच्याने मिटलेलं ठेववत नाही. नऊ दिवसांत त्यांची चौदा पुस्तकं पुसून झाली होती, त्यातलं एक दोनदा. या वेगाने सगळी धूळ जायला जवळजवळ दोन वर्षं लागली असती, आणि पहिली पुसलेली पुस्तकं तोवर पुन्हा धुळीने भरली असती. स्वतःबद्दल मालोजीरावांना फार गोष्टींची खात्री नव्हती, पण या एका गोष्टीची होती.

म्हणून कॉम्प्रेसर. स्कूटरच्या चाकात हवा भरताना पंक्चरवाल्याने सहज म्हणून पाइप फिरवला आणि सीटवरची आठवड्याची धूळ एका फुंकरीत गेली, तेव्हा मालोजीराव तिथे उभे होते. हवेला हात नसतात, त्यामुळे ती पुस्तक उघडून वाचत बसत नाही. हे त्यांना फार मोलाचं वाटलं.

मालोजी हे नाव त्यांच्या आजोबांनी ठेवलेलं, घोड्यावर बसणाऱ्या माणसाचं. मालोजीराव रिक्षातसुद्धा अंग चोरून बसत, शेजारी कोणी नसलं तरी. दुकानात गेल्यावर दुकानदाराचं लक्ष जाईपर्यंत ते थांबत, आणि लक्ष गेलं की बावरत. पण या वेळी त्यांनी ठरवलं होतं. निवडायचं आपण, आणायचं आपण, चालवायचं आपण. फक्त त्यांच्या हातून एक चूक झाली. संध्याकाळी कट्ट्यावर ते 'कॉम्प्रेसर' हा शब्द मोठ्याने बोलले.

श्रमसाफल्यच्या कट्ट्यावर बसणारी माणसं साधी नव्हेत. कोणी मशीन शॉपमधून निवृत्त, कोणी पेंट शॉपमधून, कोणी फोर्जिंगमधून. त्यांच्यासमोर राजकारण बोला, ते जांभया देतील. आजारपण बोला, ते मान हलवतील. पण मशीनचं नाव काढलंत तर तुमचं काही खरं नाही.

"केवढा घेताय?" फोर्जिंगच्या लक्ष्मणरावांनी विचारलं. लक्ष्मणराव मूळचे मावळातले, आवाज हातोड्याच्या शेजारी तीस वर्षं घासून घासून कमावलेला.

"लहानसाच. एक एचपी, फार तर दोन."

लक्ष्मणरावांनी इतरांकडे पाहिलं. घरातल्या कोणाला शाळेत कमी मार्क पडावेत तसं. "दोन एचपी म्हंजे फुंकर झाली राव. आमच्या शॉपला कॉम्प्रेसर व्हता, त्याच्या टाकीत माणूस उभा ऱ्हायचा."

"कशाला?"

"साफ करायला. पर उभा ऱ्हायचा."

भोसरीत फॅब्रिकेशनची शेड चालवणारा जयसिंग कट्ट्यावरचा सगळ्यात तरुण माणूस, पंचावन्नचा. तो म्हणाला, "काका, टाकी मोठी घ्या. छोट्याला रीसेल नाही. उद्या विकायला काढला तर कुत्रं विचारणार नाही."

"पण मला विकायचा नाही. मला अजून घ्यायचाच आहे."

"तेच म्हणतोय मी. घेतानाच विकायचा विचार करावा लागतो."

त्या आठवड्यात मालोजीरावांकडे सत्तावीस कार्डं जमली. दाब, टाकी, मोटर, तेलाचा, बिनतेलाचा, बेल्टचा, बिनबेल्टचा. ग्रंथपालाच्या सवयीने त्यांनी प्रत्येक कार्डाला वर्गांक दिला. लक्ष्मणरावांची सगळी मतं एकाच वर्गात बसली, त्या वर्गाला त्यांनी 'इतिहास' नाव दिलं. पेंट शॉपचे एक गृहस्थ तीन दिवस सकाळी घरी येऊन चहा पिऊन सांगून गेले की घ्यायचा तर पाच एचपी, थ्री फेज, नाहीतर घेऊ नये. ते चौथ्या दिवशी आले नाहीत तेव्हा मालोजीरावांना चुकल्यासारखं झालं.

सातव्या दिवशी ते पिंपरीच्या बाजारात गेले. एकटेच जायचं ठरवलं होतं, पण बसस्टॉपवर लक्ष्मणराव आधीच येऊन उभे होते.

मालोजीरावांनी दोन एचपीचा दाखवायला सांगितलं. दुकानदाराने विचारलं, "कशासाठी पाहिजे?"

अगदी साधा प्रश्न. उत्तरही साधं होतं, पुस्तकांवरची धूळ उडवायला. पण दुकानात चार कारागीर उभे होते, त्यांच्या हाताला ग्रीस होतं, आणि मालोजीरावांच्या हातात छत्री होती. ते म्हणाले, "वर्कशॉप आहे. घरीच."

"काय बनवता?"

मालोजीरावांना रॅक आठवले. "कपाटं."

"पेंटिंग पण करता?"

आता मागे फिरण्याची वाट दिसेना. "करतो," मालोजीराव म्हणाले. लक्ष्मणरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मैत्रीला जागून पुढे झाले. "सायेब कंपनीत व्हते. चौतीस वर्सं."

"मग दोन एचपी कशाला बघताय? पाच घ्या. डोळे झाकून." दुकानदाराने लगेच वहीत नाव लिहून घेतलं. "फक्त थ्री फेज लागेल. तेवढं वीज कंपनीतून करून आणा, माल तयार आहे."

बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. मग लक्ष्मणराव म्हणाले, "कपाटं कवा बनवली तुमी?"

"बनवीन," मालोजीराव म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

वीज कंपनीच्या कार्यालयात जयमाला मॅडम नावाच्या बाई खिडकीवर होत्या. मालोजीरावांनी अर्ज सुवाच्य अक्षरात भरून नेला होता. अर्जाच्या बाबतीत त्यांना खोटं बोलता येत नसे, कारण अर्ज ही लिहिलेली गोष्ट आणि लिहिलेल्या गोष्टीचा ते आदर करत. त्यामुळे 'वाढीव वीजभाराचे कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: पुस्तकांवरील धूळ.

मॅडमनी ते वाचलं. चष्मा लावून वाचलं. शेजारच्या टेबलावर दाखवून आणलं.

"काका, हे ग्रंथालय आहे का?"

"नाही. गॅरेज आहे."

"म्हणजे गाड्यांचं?"

"गाडी नाही."

"मग कारखाना?"

"घर आहे हो."

"घराला पाच एचपीचा कॉम्प्रेसर?" मॅडमनी पेन खाली ठेवलं. "घरगुतीत बसत नाही. कारखाना म्हणावं तर तुम्ही बनवत काही नाही. ग्रंथालय म्हणावं तर नोंदणी नाही. साहेबांना तपासणीला यावं लागेल. ते दसऱ्यानंतर."

"नवमीच्या आधी नाही का जमणार?"

"नवमीला काय आहे?"

मालोजीरावांनी सगळं सांगून टाकलं. मागे रांग होती, आणि रांगेनेही ऐकलं. सुभद्राबाईंचा खोकला, टेम्पो, चौदा पुस्तकं, दुकानातली कपाटं. सांगून झाल्यावर त्यांना फार लाज वाटली. मॅडमनी अर्ज परत केला, पण त्याच्या पाठीवर काहीतरी लिहून.

"आम्ही दिघीला राहतो. ह्यांनी गाडी पुसायला छोटा घेतलाय. दोन एचपी, बिनतेलाचा, घरच्या प्लगवर चालतो. तेलाचा घेतलात तर पानांवर तेलाचे शिंतोडे उडतील ना. हे तुम्हाला कोणीच कसं नाही सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. सत्तावीस कार्डांत पुस्तकांचा उल्लेख एकदाही नव्हता, कारण पुस्तकांबद्दल मालोजीरावांनी कोणाला सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दुकानात गेले. या वेळी खरोखर एकटे, आदल्या स्टॉपवरून बस पकडून. आजही तिथे कारागीर उभे होते. मालोजीरावांनी छत्री घट्ट धरली आणि म्हणाले, "मी कपाटं बनवत नाही. माझ्याकडे पुस्तकं आहेत, त्यांच्यावर धूळ आहे. दोन एचपी, बिनतेलाचा."

दुकानदार म्हणाला, "मग आधी बोलायचं ना काका. परवाच एक बाई हार्मोनियम साफ करायला घेऊन गेल्या."

बस्स, एवढंच. कोणी हसलं नाही. मालोजीराव बाहेर आले तेव्हा त्यांना आपण सात-आठ इंच उंच झाल्यासारखं वाटत होतं.

माल मात्र गोदामात नव्हता. तो चाकणहून येणार होता. नवमीला चार दिवस उरले होते आणि दुकानदाराने 'उद्या' सांगितलं. उद्या झाल्यावर पुन्हा 'उद्या' सांगितलं. तिसऱ्या दिवशी फोनवर टेम्पोचा ड्रायव्हरच आला आणि म्हणाला, "चाकणच्या चौकात हाय काका. काल पण इथंच व्हतो." मागे इतके हॉर्न वाजत होते की त्याच्यावर अविश्वास दाखवणं शक्य नव्हतं.

त्या संध्याकाळी निशिगंधाचा, म्हणजे मुलीचा फोन आला. "बाबा, आई विचारतेय, काही झालं का?"

"काम चालू आहे."

"आवाज येत नाहीये कामाचा."

"तयारीचं काम चालू आहे."

पलीकडे आई काहीतरी म्हणाली. निशिगंधाने निरोप दिला, "आई म्हणते, टेम्पो ठरवलाय."

कॉम्प्रेसर आला तो नवमीच्या सकाळी अकरा वाजता. लाल रंगाचा, दोन चाकं, वर एक घड्याळासारखी तबकडी. मालोजीरावांनी सूचनापुस्तिका रात्रीच मोबाइलवर वाचून पाठ केली होती. पाच तास हातात होते. एका रॅकला अर्धा तास धरला तरी नऊ रॅक होऊन चहाला वेळ उरत होता. त्यांनी वायर उलगडली, प्लगकडे हात नेला.

"थांबा."

शटरमध्ये लक्ष्मणराव उभे होते, मागे जयसिंग आणि अख्खा कट्टा. लक्ष्मणरावांच्या बायको अंबुबाई पूजेचं ताट घेऊन आल्या होत्या. "खंडेनवमी हाय आज," लक्ष्मणराव म्हणाले. "नवं मशीन पूजेआधी चालवता व्हय?"

"आधी थोडं चालवू, मग पूजा करू."

लक्ष्मणराव हळू आवाजात म्हणाले, तो त्यांचा हळू आवाज होता, म्हणजे तीन घरांना ऐकू गेला, "चौतीस वर्सं कंपनीत व्हता ना तुमी?"

हे लागलं. कारण याचं खरं उत्तर मालोजीरावांनाच ठाऊक नव्हतं. खंडेनवमीला कंपनीत प्रत्येक मशीन पुसून चकाचक होई, प्रत्येकाला झेंडूची माळ पडे, शॉपशॉपमधून पेढे फिरत. लायब्ररीत मशीन नव्हतं, म्हणून लायब्ररीत कोणी येत नसे. एका वर्षी मालोजीरावांनी स्वतःच एक छोटी माळ आणून कार्डांच्या खणावर ठेवली होती. मग कोणी पाहील म्हणून काढून दप्तरात टाकली होती.

"करा पूजा," ते म्हणाले.

पूजा छान झाली. कॉम्प्रेसरच्या टाकीवर हळदीकुंकवाची बोटं उमटली, तबकडीला माळ, पाइपावर फूल, चाकाखाली लिंबू. नारळ फुटला. मालोजीरावांनी पेढा तोंडात टाकला आणि पुन्हा प्लग उचलला.

"आता उद्या," लक्ष्मणराव म्हणाले.

"उद्या?"

"पूजेला बसलेलं मशीन आज चालवायचं न्हाई. आज त्येची सुट्टी. ह्ये बी म्हाईत न्हाई?"

साडेबारा वाजले होते. मालोजीरावांच्या हातात प्लग होता, समोर भिंतीला बटण होतं, आणि मध्ये तीस वर्षांच्या शिफ्टचा रिवाज पाळलेली सात माणसं होती. अख्ख्या सोसायटीदेखत ते बटण दाबणं त्यांना शक्य नव्हतं. ते नारळाच्या करवंटीशेजारी उपड्या बादलीवर बसले आणि वीज कंपनीच्या खिडकीत सांगितलं होतं ते सगळं त्यांनी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना थोडं सोपं गेलं.

"म्हंजे ह्ये सगळं धुळीपायी?" लक्ष्मणराव म्हणाले. "घरात फडकं न्हवतं?"

"फडकं आहे. पण मी पुसायला घेतलं की वाचत बसतो."

जयसिंग म्हणाला, "मग तुम्ही नका ना पुसू, काका."

लक्ष्मणराव रॅकसमोर जाऊन उभे राहिले. एका पुस्तकाच्या पाठीवर बोट ओढलं, बोट पाहिलं. फोर्जिंगच्या माणसाला मळ नवा नसतो, तरी त्यांनी तोंड वाकडं केलं. मग वळून म्हणाले, "चौतीस वर्सं तुमी ह्याच्यावर काम केलं ना? मंग हत्यारं तुमची ही. आनि हत्यारं न पुसता तुमी पूजा करवून घेतली आमच्याकडून?"

पुढच्या तीन तासांचं वर्णन करायचं तर कंपनीची भाषा लागेल. जयसिंगने शेडमधून चिंध्यांची गोणी मागवली. सगळ्यांनी नाकाला रुमाल बांधले. शटर पूर्ण वर गेलं, अंगणात चटया पडल्या, आणि लाइन लागली. एकाने काढायचं, दोघांनी झटकून पुसायचं, एकाने रॅक पुसायचा, एकाने होतं तिथेच परत लावायचं. मालोजीरावांना पुस्तकाला हात लावायची सक्त बंदी होती. त्यांनी बादलीवर बसून फक्त क्रमांक सांगायचे.

लाइन एकदाच थांबली. जयसिंगच्या हातात लेथ मशीनचं एक जुनं पुस्तक आलं, त्याने ते उघडलं, आणि खाली बसला. "ह्याच मशीनवर शिकलो मी," तो म्हणाला. "हे बघा, हे हँडल असंच अडकायचं. लिहिलंय इथं." त्याने पान उलटलं.

"जयसिंग," लक्ष्मणराव ओरडले, "लाइन थांबली."

"एक मिनिट, दादा."

मालोजीरावांनी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा हा गुन्हा दुसऱ्याकडून होताना ते बघत होते, आणि त्यांना फार बरं वाटत होतं.

पावणेचारला शेवटचा रॅक लागला. अंबुबाई उरलेल्या झेंडूच्या माळा घेऊन पुढे झाल्या, कुंकवाचं बोट पहिल्या पुस्तकाच्या दिशेने निघालं, आणि मालोजीराव बादलीवरून उठून मध्ये आले. त्या दिवशी ते एवढ्या चपळाईने एकदाच हलले. "कुंकू रॅकच्या पायाला लावा वहिनी. कागद डाग सोडत नाही." अंबुबाईंनी नऊ रॅकच्या पायांना हळदीकुंकू लावलं आणि प्रत्येक रॅकला एकेक माळ घातली.

चार वाजता टेम्पो आला. सुभद्राबाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. उतरल्या, सात काळवंडलेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं, हार घातलेल्या लाल यंत्राकडे पाहिलं, आणि सरळ आत गेल्या. पहिल्या रॅकवर बोट फिरवलं. चौथ्यावर फिरवलं. नवव्याच्या मागे हात घातला. मग मधोमध उभ्या राहून एक लांब श्वास घेतला.

सगळे थांबले. मालोजीराव स्वतःचा श्वास रोखून उभे होते.

खोकला आला नाही.

"कोणी पुसली?" त्यांनी विचारलं.

"ह्यांनी," मालोजीराव म्हणाले. खोटं बोलायचा त्यांना कंटाळा आला होता. "मी नंबर सांगितले."

"तेच म्हटलं." सुभद्राबाई वळून रद्दीवाल्याला म्हणाल्या, "नाही द्यायची रे. जा तू."

रद्दीवाला टेम्पोला टेकून पेढा खात होता. "मावशी, दिली असती तरी मी आज घेणार नव्हतो. सांगितलं होतं ना तुम्हाला? काट्याची पूजा झालीये सकाळी. आज वजन करत नाही मी."

"बरं बरं. जा आता," सुभद्राबाई घाईने म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

मालोजीरावांना हे समजायला थोडा वेळ लागला. ते सगळंच सावकाश समजून घेत. पंधरा दिवसांपूर्वीचं कार्ड त्यांनी खिशातून काढलं. नवमी, चार वाजता. दिवस सुभद्राबाईंनी स्वतः निवडला होता. ज्या बाई खंडेनवमीला विळीसुद्धा पूजेला बसवून आदल्या दिवशीच भाजी चिरून ठेवतात, त्यांनी. ते कार्ड त्यांनी पुन्हा घडी करून ठेवलं आणि त्याला कुठला वर्गांक द्यावा ते त्यांना सुचलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी कट्टा पुन्हा जमला. कॉम्प्रेसर चालू होताना बघायचा होता. मालोजीरावांनी बटण दाबलं. यंत्र थरथरलं, तबकडीचा काटा चढला, आणि टाकी हवेने भरताच ते आपोआप गप्प झालं. लक्ष्मणराव वाकून ऐकत होते. "फुंकरच हाय," ते म्हणाले, "पर सुरात हाय."

मालोजीरावांनी पाइप हातात घेतला आणि गॅरेजभर पाहिलं. धूळ कुठेच नव्हती.

"उडवा काहीतरी," जयसिंग म्हणाला. त्याच्या काखेत लेथचं पुस्तक होतं, आणि मालोजीरावांच्या खणात त्याच्या नावाचं कार्ड.

जमिनीवर कालच्या माळांच्या पाकळ्या पडल्या होत्या. मालोजीरावांनी पाइप खाली रोखला, डोळे बारीक केले आणि खटका दाबला. झेंडूच्या पाकळ्या एकदम उठल्या, शटरखालून बाहेर गेल्या, आणि तुळशीला पाणी घालून येणाऱ्या सुभद्राबाईंच्या अंगावर पडल्या.

सुभद्राबाईंनी केसातली एक पाकळी काढली. पाइपाकडे पाहिलं. मग हात पुढे केला.

"द्या इकडे," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघरातला पंखा राहिलाय."